ग्राफ दिसतच नाही? ऑटो झूम आणि अक्षांची रेंज कशी लावायची, अगदी पहिल्यापासून

दूधसागरची उंची साधारण ३१० मीटर धरतात. तेवढ्या उंचीवरून एक दगड सोडला तर दर सेकंदाला तो किती उंचीवर असेल याचं समीकरण अकरावीच्या फिजिक्सवाल्या कोणालाही मांडता येईल, वाय = ३१० − ४.९ एक्स², यात एक्स म्हणजे सेकंद आणि वाय म्हणजे जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये. (खरं पाणी तिथं टप्प्याटप्प्यानं उतरतं आणि हवेचा अडथळाही असतो, पण इथं आपल्याला सरळ पडणारा दगड पुरे.) आता हेच समीकरण डेसमॉस या ग्राफ काढायच्या अ‍ॅपमध्ये टाइप करून बघा. पॅराबोला दिसायला हवा ना? दिसतात दोन जवळजवळ उभ्या रेघा, एक उजवीकडे ८ च्या जवळ आणि एक डावीकडे −८ च्या जवळ, मध्ये सगळं कोरं.

नवीन मुलं इथंच घाबरतात, समीकरण चुकलं म्हणून खोडून परत टाइप करतात, परत तेच येतं, मग अ‍ॅप बिघडलंय म्हणून फोन बाजूला ठेवतात. समीकरण बरोबर आहे आणि अ‍ॅपही बरोबर आहे. डेसमॉस उघडताना एक्स-अक्ष साधारण −१० ते १० असतो, वाय-अक्षही त्याच मापाचा, आणि आपला दगड ३१० वर आहे. तो १० मीटरपर्यंत खाली यायला ७.८२ सेकंद लागतात आणि तिथून +१० ते −१० हा पट्टा तो पाव सेकंदात ओलांडतो, स्क्रीनवर येतो तो फक्त हा पाव सेकंद, म्हणून रेघ उभी दिसते. बाकीचा सगळा ग्राफ वर आहे, आपण तिकडे बघतच नाही आहोत.

म्हणून हा लेख. गोव्यात हायर सेकंडरीची, कॉलेजची बरीच मुलं आता ग्राफ फोनवरच काढतात, सर-मॅडमही क्लासमध्ये प्रोजेक्टरवर दाखवतात, पण समीकरण कसं टाकायचं एवढं शिकवून सगळे थांबतात, विंडो (म्हणजे स्क्रीनवर अक्षांचा कुठून कुठपर्यंतचा भाग दिसतो ते) कशी निवडायची हे कोणी बसून सांगत नाही. मला तर वाटतं ग्राफिंगमधलं निम्मं काम हेच आहे.

पायरी १: तुमचं सॉफ्टवेअर स्वतःहून काय ठरवतं ते आधी ओळखा

ऑटो झूम म्हणजे सॉफ्टवेअरनं विंडो स्वतःहून ठरवणं, पण सगळ्यांचा ऑटो झूम एकच नसतो. डेसमॉस आणि जिओजेब्रामध्ये समीकरण टाइप केल्यावर विंडो आपोआप हलत नाही, जिथं होती तिथंच राहते. म्हणजे ऑटो असं काही झालेलंच नसतं, पण मुलं समजतात की सॉफ्टवेअरनं बघूनच दाखवलंय.

दुसरा प्रकार म्हणजे एक्स तुम्ही द्यायचा, वाय ते ठरवतं. टीआय-८४ सारख्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमधलं झूम-फिट असंच चालतं, एक्सची रेंज तशीच ठेवतं आणि तेवढ्यात वाय कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती जातो ते काढून वाय-अक्ष बदलतं. ग्नूप्लॉट (कमांड टाइप करून ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर) आणि पायथनमधलं मॅटप्लॉटलिबही वाय स्वतः काढतात. ग्नूप्लॉटला एक्स दिलाच नाही तर ते −१० ते १० धरून चालतं.

तिसरा प्रकार आकड्यांच्या टेबलसाठी. इथं समीकरण नाही, पॉइंट आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरला एक्स आणि वाय दोन्हीच्या टोकाच्या किमती सरळ कळतात. डेसमॉसच्या टेबलखाली भिंगाचं छोटं चिन्ह असतं ते दाबलं की विंडो डेटावर बसते, टीआयमध्ये त्याला झूम-स्टॅट म्हणतात, एक्सेलचे चार्ट तर आपणहूनच तसे बसतात. टेबलसाठी ऑटो झूम बिनधास्त वापरा, समीकरणासाठी मात्र जपून. असं का, ते पायरी ५ मध्ये सांगतो.

पायरी २: एक्स तुम्ही ठरवा, आणि तो प्रश्नातून काढा

हे काम कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करू शकत नाही कारण एक्स म्हणजे काय हे त्याला माहीतच नसतं. त्याच्यासाठी तो नुसता आकडा, तुमच्यासाठी ते सेकंद आहेत की महिने की अंश की रुपये.

दगडाचं बघा. वेळ शून्यापासून सुरू होते आणि दगड जमिनीला लागला की गोष्ट संपते, म्हणजे वाय = ० ठेवा, एक्स² = ३१० ÷ ४.९, म्हणजे साधारण ६३.३, त्याचं वर्गमूळ ७.९५. आठ सेकंदांच्या आत खेळ खलास. तर एक्स ० ते ८ हवा आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून −१ ते ९ लावा. ती डावीकडची −८ जवळची रेघ म्हणजे दगड सोडण्याआधीचा काळ, गणितात ती आहे पण आपल्या प्रश्नात नाही, ती नको असेल तर डेसमॉसमध्ये समीकरणानंतर महिरपी कंसात ० ≤ एक्स ≤ ८ अशी अट टाका, तेवढाच तुकडा उरतो.

आता भरती-ओहोटी घ्या. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते, एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. रायबंदरच्या फेरी धक्क्यावर उभं राहिलात तर मांडवीचं पाणी वर-खाली होताना दिसतंच. त्याचं सोपं मॉडेल करायचं तर वाय = १.२ + ०.८ × साइन (२π एक्स ÷ १२.४२) असं काहीतरी घ्या, एक्स तासांत, वाय मीटरमध्ये (१.२ आणि ०.८ हे मी उदाहरणासाठी धरलेत, खरी उंची रोज बदलते, अमावस्या-पौर्णिमेला फरक वाढतो). इथं एक्स −१० ते १० ठेवण्यात काही अर्थ नाही, कोणाला उणे दहा तास बघायचेत? ० ते २५ ठेवा, दोन पूर्ण भरत्या बसतात. आठवडाभराचं हवं तर ० ते १६८.

वर्षाच्या पावसाला एक्स १ ते १२, म्हणजे विंडो ० ते १३. कोनांसाठी ० ते ३६०, रेडियनमध्ये असेल तर ० ते २π. नुसतं अमूर्त समीकरण असेल, त्यामागे गोष्टच नसेल, तर मुळं कुठं आहेत, छेद शून्य कुठं होतो, वर्गमुळाच्या आतलं ऋण कुठं होतं, या जागा शोधा आणि त्या सगळ्या विंडोत येतील असं बघा.

पायरी ३: वाय साठी चार-पाच किमती हातानं काढा

वहीच्या कोपऱ्यात काढल्या तरी चालतं, सुरुवातीचा एक्स, शेवटचा एक्स, मधले दोन-तीन. दगडासाठी ० ला ३१०, ४ ला ३१० − ७८.४ म्हणजे २३१.६, ८ ला साधारण −३.६. झालं, वाय ० ते ३१० मध्ये आहे हे कळलं. वर-खाली थोडी मोकळी जागा सोडायची, कारण ग्राफचं टोक बरोबर काठावर आलं तर तो तिथंच संपतो की वर अजून जातो ते कळत नाही. मॅटप्लॉटलिब आपणहून प्रत्येक बाजूला ५ टक्के जागा सोडतं, आपणही तसंच ५ ते १० टक्के सोडू. म्हणजे वाय −२० ते ३४०.

भरतीच्या उदाहरणात तर हिशोबही नको, साइन −१ ते १ असतो, म्हणून वाय १.२ − ०.८ म्हणजे ०.४ पासून १.२ + ०.८ म्हणजे २ पर्यंत, विंडो ० ते २.५.

पायरी ४: आता हे आकडे टाका

डेसमॉसमध्ये ग्राफच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पान्याचं चिन्ह आहे ते दाबा, एक्स-अक्ष आणि वाय-अक्ष अशा दोन ओळी दिसतील, दोन्हीकडे टोकाचे आकडे टाइप करा. शेजारी स्टेप म्हणून जागा असते, तिथं खुणा कितीच्या अंतरावर हव्यात ते लिहायचं. दगडासाठी एक्सला १ आणि वायला ५०. कोनाला ३० किंवा ४५ किंवा ९०, रेडियन असेल तर स्टेपमध्ये सरळ π/२ टाकता येतं आणि अक्षावर खुणाही π मध्येच येतात, हे मला फार आवडतं कारण साइनचा ग्राफ मग वाचताच येतो. तासांसाठी ३ किंवा ६ ठेवा. काही न टाकता सोडलं तर सॉफ्टवेअर १, २, ५ आणि त्यांच्या दहापटी अशा गोल आकड्यांतून स्वतः निवडतं, बहुतेक वेळा ते चालतं, पण दिवसाचे तास ५ च्या टप्प्यानं कोणी मोजत नाही.

लॅपटॉपवर डेसमॉस वापरत असाल तर अजून एक सोपी सोय आहे. शिफ्ट दाबून एखादा अक्ष माउसनं ओढला की फक्त तोच अक्ष ताणला किंवा दाबला जातो, दुसरा जागेवर राहतो. जिओजेब्रात ग्राफिक्स व्ह्यू हलवायचं टूल घेऊन अक्ष पकडून ओढला की तसंच होतं. फोनवर दोन बोटांनी झूम करत बसलात तर दोन्ही अक्ष एकदम बदलतात आणि ३१० पर्यंत पोचेपर्यंत एक्स-अक्ष शेकड्यात गेलेला असतो, दगडाचा पॅराबोला मग एकदम अरुंद कमान होऊन मध्येच बसतो. फोनवर सेटिंगमध्ये जाऊन आकडे टाइप करणं हाच जलद रस्ता.

कुठं तरी हरवलात तर डेसमॉसमध्ये घराचं बटण दाबा, मूळ विंडो परत येते. जिओजेब्रात ग्राफवर राइट क्लिक केलं की स्टँडर्ड व्ह्यू मिळतो, त्याच मेनूत शो ऑल ऑब्जेक्ट्सही आहे, त्रिकोण, वर्तुळ, पॉइंट असं काही काढलेलं असेल तर सगळं स्क्रीनवर येतं. आणि पावसाळ्यात ज्यांच्याकडे नेट येत-जात राहतं, सत्तरी-काणकोणच्या बाजूला तर हे नेहमीचंच, त्यांनी जिओजेब्रा क्लासिक लॅपटॉपवर एकदाच उतरवून ठेवावं, ते ऑफलाइन चालतं.

पायरी ५: ऑटो झूमनं काही दाखवलं की त्याच्यावर शंका घ्या

आता खरी गंमत, इथं जरा थांबून वाचा. सॉफ्टवेअर ग्राफ कसा काढतं? एक्सच्या रेंजमध्ये ठरावीक अंतरावर बरेच पॉइंट घेतं, प्रत्येक ठिकाणी वाय काढतं, त्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा शोधून वाय-अक्ष ठरवतं, आणि पॉइंट रेघांनी जोडतं. म्हणजे दोन पॉइंटच्या मध्ये काय घडतंय ते त्याला माहीत नसतं. काही सॉफ्टवेअर जास्त हुशारीनं पॉइंट घेतात, पण मूळ अडचण जात नाही.

ग्नूप्लॉटमध्ये हे उघड दिसतं कारण तिथं डिफॉल्ट १०० पॉइंट असतात. एक्स −१० ते १० ठेवून वाय = साइन (३१ एक्स) काढा. या पट्ट्यात जवळजवळ ९९ लाटा आहेत, ग्राफ नुसता भरून गेला पाहिजे. स्क्रीनवर काय येतं? −०.८५ पासून ०.८५ पर्यंत शांतपणे चढत जाणारी एकच रेघ. कारण दोन पॉइंटमधलं अंतर आणि एका लाटेची लांबी जवळजवळ सारखी आहे, प्रत्येक पॉइंट पुढच्या लाटेच्या जवळपास त्याच जागी पडतो, किंचित मागं. सगळं किती व्यवस्थित दिसतं बघा, रेंजही छान, खुणाही छान, आणि ग्राफ मात्र साफ खोटा. सॅम्पल, म्हणजे पॉइंटची संख्या, २००० करा, खऱ्या लाटा बाहेर येतात. फोनच्या अ‍ॅपमध्ये सॅम्पल बदलता येत नसेल तर एक्सची रेंज लहान करा, ० ते १ बघा. झूम केल्यावर आकारच वेगळा निघाला तर आधीचा ग्राफ विश्वासाचा नव्हता.

दुसरा सापळा म्हणजे छेद शून्य होणारी फंक्शन. वाय = १ ÷ (एक्स − २) घ्या. त्याच ग्नूप्लॉटमध्ये १०० पॉइंटवर वाय साधारण −१२ ते ८ इतका जातो. आता सॅम्पल १००० करा, तोच वाय −१२५ ते ८३ होतो. समीकरण तेच, एक्स तोच, नुसते पॉइंट वाढवले तर वाय-अक्ष दहापट झाला! कारण २ च्या जवळ हे फंक्शन हवं तेवढं वर-खाली जातं, त्याला कमाल किंमत नाहीच, सॉफ्टवेअरला योगायोगानं जो पॉइंट जवळ सापडला तीच त्यानं कमाल धरली. आणि पॉइंट जितके जास्त तितका बाकीचा ग्राफ चेपून एक्स-अक्षाला चिकटतो. शिवाय २ च्या दोन बाजूंचे पॉइंट जोडल्यामुळे एक उभी रेघ येते, ती ग्राफचा भाग नाही, परीक्षेत ती काढू नका. अशा वेळी ऑटो बंद करून वाय −१० ते १० हातानं लावा. टॅन, कोट, सेक, कोसेक या सगळ्यांना हाच नियम.

तिसरी गोष्ट छोटी आहे पण सगळ्यात जास्त मुलांना तीच अडवते. साइनचा ग्राफ एक्स-अक्षाला लागून जवळजवळ सपाट दिसतोय? सेटिंगमध्ये डिग्री निवडलेली आहे. १० अंशांचा साइन ०.१७ आहे, मग −१० ते १० मध्ये लाट कुठून दिसणार, एक्स ० ते ३६० आणि वाय −१.५ ते १.५ करा किंवा रेडियनवर या.

वाय = ५ सारखं स्थिर फंक्शन असलं की लहान आणि मोठी किंमत एकच, रेंजची रुंदी शून्य. ग्नूप्लॉट तसं स्पष्ट सांगतं आणि ४.९५ ते ५.०५ अशी थोडी जागा करून घेतं. बाकीची सॉफ्टवेअरही काहीतरी जागा करतात, फक्त अक्षावरचे आकडे वाचल्याशिवाय रेघ किती वर आहे ते बोलू नका.

टेबलच्या बाबतीत ऑटो झूम एक चांगलं काम करतो, टाइपिंगची चूक पकडून देतो. समजा गोव्याच्या महिनावार पावसाचं टेबल भरताय. जून-जुलैचे आकडे आठशे-हजार मिलीमीटरच्या घरात आणि जानेवारी-फेब्रुवारी जवळजवळ शून्य, ग्राफला मध्ये उंच कुबड येणार हे आपल्याला इथं राहून माहीतच आहे. कुठं ९८० च्या जागी ९८०० पडलं तर ऑटो झूम केल्याबरोबर वाय-अक्ष दहा हजारापर्यंत जातो, एक पॉइंट एकटाच वर आणि बाकी सगळं वर्ष खाली पसरलेलं. गोव्यात अख्ख्या वर्षाचा पाऊसच साधारण तीन हजार मिलीमीटर, एका महिन्याला दहा हजार कुठून येणार. टेबल भरलं की पहिल्यांदा हेच करून बघा, मगच पुढचं काम.

पायरी ६: आकार महत्त्वाचा आहे की किंमत, ते ठरवा

भूमितीचं काम असेल तर दोन्ही अक्षांचं माप सारखं लागतं. एक्स² + वाय² = २५ हे वर्तुळ आहे, पण एक्स −१० ते १० आणि वाय −५० ते ५० लावलं तर आडवं अंडं दिसतं. वाय = एक्स आणि वाय = −एक्स या रेषा काटकोनात आहेत, पण मापं वेगळी असली की काटकोन डोळ्यांना दिसत नाही आणि मुलं म्हणतात उतारांचा गुणाकार −१ येतोय पण ग्राफ पटत नाही. डेसमॉसमध्ये मापं बिघडली की सेटिंगमध्ये झूम स्क्वेअर मिळतं, टीआयमध्येही तशीच सोय आहे, जिओजेब्रात राइट क्लिकच्या मेनूत दोन अक्षांचं गुणोत्तर १ : १ करता येतं.

दगड, पाऊस, भरती इथं उलट. सेकंद आणि मीटर यांचं माप सारखं ठेवण्याला काहीच अर्थ नाही, सारखं ठेवलंत तर परत त्या पहिल्या उभ्या रेघांवर याल. इथं अक्ष मोकळेपणानं ताणा. डेसमॉसचं पहिलं डिफॉल्ट सारख्या मापाचंच असतं, त्यामुळे उभ्या फोनवर वाय जास्त दिसतो आणि आडव्या लॅपटॉपवर एक्स जास्त, शेजारच्या मैत्रिणीचा ग्राफ तुमच्यापेक्षा वेगळा दिसतो तो यामुळेही असू शकतो.

किमती फारच पसरलेल्या असतील, म्हणजे १ पासून दहा लाखापर्यंत, चक्रवाढ व्याज किंवा बॅक्टेरियाची वाढ वगैरे, तर कुठलीही साधी रेंज पुरत नाही, सुरुवातीचं सगळं तळाला चिकटतं. तिथं लॉग स्केल (सारख्या अंतरावरच्या प्रत्येक खुणेला किंमत दहापट होते असा अक्ष) वापरा, पण अक्षावर तसं लिहा, नाहीतर वाचणारा सरळ रेघ बघून वाढ सरळ आहे असं समजेल. आणि शून्य किंवा ऋण किंमत लॉग स्केलवर बसत नाही, तो पॉइंट गायब होतो, टेबलमध्ये शून्यं असतील तर आधी बघून घ्या.

प्रोजेक्टसाठी स्क्रीनशॉट काढताना दोन्ही अक्षांचे आकडे फोटोत आलेत ना ते बघा, सेकंद, मीटर, मिलीमीटर जे असेल ते अक्षाला नाव द्या, डेसमॉसमध्ये त्याच पान्याच्या मेनूत लेबलची जागा आहे. वाय शून्यापासून सुरू होत नसेल, म्हणजे पाण्याची पातळी १.८ ते २ एवढीच दाखवली असेल, तर खाली एका ओळीत तसं लिहा, कारण वीस सेंटिमीटरचा फरक तिथं पूर आल्यासारखा उंच दिसतो. आणि विंडो पक्की झाली की सेटिंगमधलं लॉक व्ह्यूपोर्ट चालू करा, म्हणजे वर्गात फोन हातोहात फिरला आणि कोणाचं बोट लागलं तरी ग्राफ हलणार नाही.